विडी एकट्याने सुटत नाही

जळगाव-धुळ्याच्या कामगाराला विडी हा विसाव्याचा परवानाच वाटतो. नुसते बसले की मुकादम डोळे वटारतो; विडी पेटवली की पाच मिनिटे माफ! तंबाखू-चुन्याचेही तेच. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात १०० प्रौढांमागे सुमारे ४ जण धूम्रपान करणारे, तर २४ जण तंबाखू खाणारे वा मिश्री लावणारे आढळले. निकोटिन मेंदूला चटक लावते. सोडताना चिडचिड होते, झोप उडते. पण एकेक तलफ काही मिनिटांतच ओसरते. तेवढ्यापुरता सोबती हवा. म्हणून दवाखान्याने सल्ला व औषध द्यावे, घरच्यांनी धीर द्यावा आणि संघटनेने विडीवाचूनचा विसावा मालकाकडून मिळवावा. १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनीवर सल्ला फुकट मिळतो. शेजारच्या सोबत्यालाही तो क्रमांक सांगा.