व्हिन्स कार्टरची अदलाबदल (२००४)

व्हिन्स कार्टरची अदलाबदल ही नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल साखळीत १७ डिसेंबर २००४ रोजी झालेली घटना होय. या व्यवहारात कॅनडातील टोरोंटो रॅप्टर्स संघाने आपला प्रमुख खेळाडू व्हिन्स कार्टर न्यू जर्सी नेट्स या अमेरिकी संघाला दिला. त्याच्या बदल्यात रॅप्टर्सला तीन खेळाडू आणि ड्राफ्टमधील पहिल्या फेरीचे दोन निवड-हक्क मिळाले. त्यानंतर सुमारे दहा वर्षे टोरोंटोच्या प्रेक्षकांनी कार्टरची हुर्यो उडवली. २०१४ मध्ये त्याच मैदानावर प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली आणि २०२४ मध्ये रॅप्टर्सने त्याची १५ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. संघ सोडून गेलेल्या खेळाडूविषयीचे चाहत्यांचे मत काळानुसार कसे बदलते, हे या घटनाक्रमातून स्पष्टपणे दिसते.

अदलाबदलीचे स्वरूप

एनबीएमधील संघ आपल्या खेळाडूचा करार दुसऱ्या संघाकडे हस्तांतरित करू शकतो. कराराचे वेतन व मुदत कायम राहते. बदलतो तो केवळ संघ. अदलाबदलीसाठी खेळाडूची संमती आवश्यक ठरवणारे कलम फारच थोड्या करारांत असते. त्यामुळे बहुतेक खेळाडूंना या निर्णयात औपचारिक अधिकार नसतो.

साखळीत प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते. ही मर्यादा ओलांडलेल्या संघांना अदलाबदलीत साधारणपणे जवळपास तेवढ्याच वेतनाचे करार स्वीकारावे लागतात. परिणामी मोठ्या वेतनाच्या एका नामवंत खेळाडूच्या बदल्यात बरेचदा दोन-तीन मध्यम दर्जाचे खेळाडू आणि भावी ड्राफ्टमधील निवड-हक्क दिले जातात. ज्या संघाचा नामवंत खेळाडू जातो, त्याच्या चाहत्यांना असा व्यवहार प्रथमदर्शनी तोट्याचा वाटतो. चाहत्यांच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न महत्त्वाचा असतो: खेळाडूने स्वतः जाण्याची इच्छा व्यक्त केली की संघाने त्याला पाठवले?

टोरोंटोतील आगमन

टोरोंटो रॅप्टर्स आणि व्हँकूव्हर ग्रिझलीज या दोन कॅनेडियन संघांना १९९५-९६ च्या हंगामापासून साखळीत स्थान मिळाले. आइस हॉकी हा कॅनडातील सर्वाधिक लोकप्रिय खेळ असल्यामुळे दोन्ही संघांना प्रेक्षकवर्ग नव्याने घडवावा लागला. ग्रिझलीज संघ २००१ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात हलवण्यात आला. त्यानंतर रॅप्टर्स हा साखळीतील एकमेव कॅनेडियन संघ राहिला.

कार्टरचा जन्म २६ जानेवारी १९७७ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या डेटोना बीच येथे झाला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाकडून तीन हंगाम खेळल्यानंतर १९९८ च्या ड्राफ्टमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याची पाचव्या क्रमांकावर निवड केली. त्याच दिवशी त्याच्या आणि टोरोंटोने निवडलेल्या अँटॉन जेमिसनच्या हक्कांची अदलाबदल झाली. म्हणजेच कार्टरची टोरोंटोतील कारकीर्द अदलाबदलीनेच सुरू झाली आणि अदलाबदलीनेच संपली. पहिल्याच हंगामात त्याला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळाला.

सर्वोत्तम क्षण

टोरोंटोच्या चाहत्यांच्या आठवणींत १२ फेब्रुवारी २००० या दिवसाला विशेष स्थान आहे. ओकलंड येथे झालेल्या स्लॅम डंक स्पर्धेत कार्टरने हवेत पूर्ण गिरकी घेऊन, पायांखालून चेंडू काढून, तसेच कोपरापर्यंतचा हात रिंगमध्ये घालून डंक केले आणि स्पर्धा जिंकली. पायांखालून चेंडू काढण्याच्या डंकसाठी चेंडू उसळवून देणारा खेळाडू ट्रेसी मॅकग्रेडी हा त्याचा दूरचा भाऊ आणि रॅप्टर्समधील सहकारी होता. याच काळात कार्टर 'एअर कॅनडा' या टोपणनावाने ओळखला जाऊ लागला. रॅप्टर्सच्या तत्कालीन मैदानाचे नावही एअर कॅनडा सेंटर असेच होते.

२००० मध्ये रॅप्टर्स प्रथमच बाद फेरीसाठी पात्र ठरले. मात्र न्यूयॉर्क निक्सने त्यांचा ३-० असा पराभव केला. पुढच्या हंगामात कार्टरने प्रति सामना सरासरी २७.६ गुण नोंदवले. २००१ च्या बाद फेरीत रॅप्टर्सने निक्सवर ३-२ अशी मात करून आपल्या इतिहासातील पहिली मालिका जिंकली. पुढील फेरीत फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात कार्टरने ५० गुण केले. त्यांत तीन गुणांच्या नऊ यशस्वी फेकींचा समावेश होता.

२० मे २००१

फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेत दोन्ही संघांनी प्रत्येकी तीन सामने जिंकले. निर्णायक सातवा सामना २० मे २००१ रोजी फिलाडेल्फिया येथे होता. त्याच सकाळी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होता. व्यावसायिक खेळासाठी विद्यापीठ लवकर सोडलेल्या कार्टरने नंतर अभ्यासक्रम पूर्ण केला होता. संघाच्या संमतीने तो विमानाने समारंभास गेला आणि सामन्यापूर्वी फिलाडेल्फियात परतला.

सामन्याची शेवटची दोन सेकंद उरली असताना रॅप्टर्स ८७-८८ असे एका गुणाने मागे होते. डेल करीने बाहेरून दिलेला चेंडू घेऊन कार्टरने शेवटचा प्रयत्न केला; चेंडू रिंगला लागून बाहेर गेला. त्या काळात पूर्व विभागाच्या अंतिम फेरीच्या इतक्या जवळ रॅप्टर्स पुन्हा पोहोचू शकले नाहीत.

या एका फेकीवरून चाहत्यांमध्ये दीर्घकाळ वाद झाला. निर्णायक सामन्याच्या दिवशी प्रवास करणे हे बेजबाबदारपणाचे लक्षण होते, असे एका गटाचे मत होते. शिक्षण पूर्ण करणे ही अभिमानाची बाब असून चुकलेल्या फेकीशी त्याचा संबंध जोडता येत नाही, असे दुसरा गट मानत असे. कार्टर टोरोंटोत होता तोपर्यंत हा वाद सौम्य राहिला. त्याच्या जाण्यानंतर मात्र टीकाकारांनी हा दिवस त्याच्या अपुऱ्या निष्ठेचा पहिला पुरावा म्हणून मांडला.

दुरावा आणि व्यवहार

२००१ मध्ये कार्टरने टोरोंटोशी दीर्घ मुदतीचा करार केला. पुढील दोन हंगामांत दुखापतींमुळे तो अनुक्रमे ६० आणि ४३ सामनेच खेळू शकला. २००३ आणि २००४ मध्ये संघ बाद फेरी गाठू शकला नाही. २००४ मध्ये महाव्यवस्थापकपदी रॉब बॅबकॉक आणि प्रशिक्षकपदी सॅम मिचेल यांची नियुक्ती झाली. संघाच्या वाटचालीबाबत असमाधानी असलेल्या कार्टरने दुसऱ्या संघात जाण्याची इच्छा व्यक्त केली.

१७ डिसेंबर २००४ रोजी कार्टरच्या बदल्यात रॅप्टर्सला अलोंझो मॉर्निंग, एरिक विल्यम्स व अ‍ॅरन विल्यम्स हे खेळाडू आणि दोन निवड-हक्क मिळाले. वर्षभरापूर्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला मॉर्निंग टोरोंटोत रुजूच झाला नाही. संघाने त्याला पैसे देऊन करारमुक्त केले आणि तो मायामी हीटकडे गेला. त्यामुळे रॅप्टर्सच्या इतिहासातील सर्वांत तोट्याच्या व्यवहारांत या अदलाबदलीची गणना होते.

चाहत्यांच्या संतापाचे मुख्य कारण पुढील आकडेवारीत होते. २००४-०५ च्या हंगामात टोरोंटोकडून खेळलेल्या २० सामन्यांत कार्टरची सरासरी १५.९ गुण होती. त्याच हंगामात न्यू जर्सीकडून खेळलेल्या ५७ सामन्यांत ती २७.५ गुण झाली. जानेवारी २००५ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत, आपण पूर्वी नेहमीच पूर्ण ताकदीने खेळलो नाही, अशी कबुली त्याने दिली. या कबुलीमुळे टोरोंटोत त्याने मुद्दाम कमी प्रयत्न केले, हा समज दृढ झाला. दुसरीकडे, दुखापतींचा काळ आणि प्रशिक्षकाने दिलेली मर्यादित भूमिका यांचाही त्या आकड्यांवर परिणाम झाला असावा, असे काही निरीक्षकांनी नमूद केले.

हुर्योचा काळ

१५ एप्रिल २००५ रोजी कार्टर प्रथमच प्रतिस्पर्धी म्हणून टोरोंटोत आला. त्याच्या हाती चेंडू येताच प्रत्येक वेळी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या सामन्यात त्याने ३९ गुण करून न्यू जर्सीला विजय मिळवून दिला. ८ जानेवारी २००६ रोजी त्याच मैदानावर त्याने ४२ गुण केले आणि अखेरच्या क्षणी तीन गुणांची फेक यशस्वी करून १०५-१०४ असा विजय खेचून आणला. २००७ मध्ये रॅप्टर्सने आपल्या गटाचे विजेतेपद प्रथमच मिळवले. परंतु बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात कार्टरच्या न्यू जर्सीने त्यांना ४-२ असे पराभूत केले.

कार्टर पुढे ऑर्लँडो, फिनिक्स, डॅलस, मेम्फिस, सॅक्रामेंटो आणि अटलांटा या संघांकडून खेळला. संघ बदलले, तरी टोरोंटोतील हुर्यो अनेक वर्षे टिकून राहिली. २००४ नंतर खेळ पाहू लागलेले, त्याला टोरोंटोच्या जर्सीत कधीही न पाहिलेले तरुण प्रेक्षकही तीत सहभागी होत. नाराजीची ही परंपरा अशा रीतीने पुढच्या पिढीकडे गेली.

मतपरिवर्तन

१९ नोव्हेंबर २०१४ रोजी, रॅप्टर्सच्या विसाव्या हंगामात, कार्टर मेम्फिस संघासह टोरोंटोत आला. पहिल्या सत्रातील विश्रांतीच्या वेळी मैदानातील पडद्यावर त्याच्या टोरोंटोतील खेळाची चित्रफीत दाखवण्यात आली. प्रारंभी काही प्रेक्षकांनी नापसंती दर्शवली. मात्र लवकरच संपूर्ण मैदान उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कार्टरला अश्रू अनावर झाले.

या बदलामागे काळाच्या अंतराशिवाय अन्य कारणेही होती. कार्टरचा खेळ पाहत वाढलेली कॅनेडियन मुले तोवर स्वतः साखळीत दाखल झाली होती. २०१३ मध्ये अँथनी बेनेट आणि २०१४ मध्ये अँड्र्यू विगिन्स हे टोरोंटो परिसरातील खेळाडू ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. कॅनडात बास्केटबॉल रुजण्यात कार्टरचा वाटा मोठा होता, हे मत त्यामुळे अधिक मान्य झाले. २०१७ मधील 'द कार्टर इफेक्ट' या माहितीपटाचा विषयही हाच आहे. शिवाय २०१४ पर्यंत रॅप्टर्स पुन्हा बाद फेरीत पोहोचले होते. संघाची स्थिती सुधारल्याने जुन्या नुकसानीची तीव्रता कमी झाली.

डिरोझन आणि लेनर्ड यांच्याशी तुलना

१८ जुलै २०१८ रोजी रॅप्टर्सने डिमार डिरोझन, याकोब पोल्टल आणि एक निवड-हक्क सॅन अँटोनियो स्पर्सला देऊन कवाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीन यांना घेतले. नऊ हंगाम टोरोंटोत खेळलेल्या आणि तेथेच राहण्याची इच्छा वेळोवेळी व्यक्त केलेल्या डिरोझनला हा निर्णय धक्कादायक वाटला. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी तो प्रतिस्पर्धी म्हणून परतला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. त्याच सामन्याच्या अखेरच्या क्षणांत लेनर्डने डिरोझनकडून चेंडू हिसकावून डंक केला आणि रॅप्टर्सने १२०-११७ असा विजय मिळवला. जाण्याची इच्छा व्यक्त केलेल्या कार्टरला हुर्यो, तर इच्छेविरुद्ध पाठवलेल्या डिरोझनला टाळ्या, हा फरक लक्षणीय आहे.

१२ मे २०१९ रोजी रॅप्टर्स पुन्हा फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना खेळत होते. लेनर्डची शेवटची फेक रिंगवर चार वेळा उसळून आत पडली आणि रॅप्टर्स ९२-९० असे विजयी झाले. पुढे त्यांनी पहिले अजिंक्यपदही पटकावले. २००१ मधील कार्टरच्या चुकलेल्या फेकीचे स्मरण तेव्हापासून या यशस्वी फेकीच्या जोडीनेच केले जाते. काही आठवड्यांनी लेनर्ड स्वतःहून लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. तरीही डिसेंबर २०१९ मध्ये टोरोंटोत परतल्यावर त्याचे जोरदार स्वागत झाले. अजिंक्यपदामुळे त्याच्या जाण्याचा रोष फारसा उरला नव्हता.

जर्सीची निवृत्ती

कार्टर २२ हंगाम खेळून २०२० मध्ये निवृत्त झाला. टोरोंटोकडून ४०३ सामन्यांत त्याची सरासरी २३.४ गुण होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. २ नोव्हेंबर २०२४ रोजी रॅप्टर्सने त्याची जर्सी निवृत्त केली. संघाच्या इतिहासात हा मान मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी सॅक्रामेंटो किंग्ज होता आणि डिरोझन त्या संघाकडून खेळत होता. जानेवारी २०२५ मध्ये, आता ब्रुकलिन येथे असलेल्या नेट्स संघानेही कार्टरची १५ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. अशा प्रकारे २००४ च्या व्यवहारातील दोन्ही संघांनी एकाच खेळाडूला हा सन्मान दिला.