दंतवैद्यक पदवीधराकडून अपेक्षित ज्ञान व कौशल्ये : धारूर तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पदवी ही विद्यापीठाने समाजाला दिलेली हमी असते. कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीधराच्या बाबतीत ही हमी पडताळून पाहण्यास समाजाला पुष्कळ अवधी मिळतो. दंतवैद्यक पदवीधराची पडताळणी मात्र खुर्चीत बसलेल्या पहिल्याच रुग्णापासून सुरू होते. त्यामुळे या पदवीधराला नेमके काय आले पाहिजे, हा प्रश्न केवळ दंत महाविद्यालयांचा राहत नाही. अध्ययन-निष्पत्तीची भाषा आज सर्वच विद्याशाखांत रूढ झाली असून, ती कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे तपासण्यासाठी दंतवैद्यकासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्याच्या संदर्भात केला आहे. मराठवाड्यातील दंत महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर, बीड, लातूर, नांदेड अशा शहरांत आहेत. तेथे शिकलेला पदवीधर ज्या रुग्णांसाठी घडवला जातो असे आपण म्हणतो, त्यांतील फार मोठा वर्ग बालाघाटाच्या डोंगररांगेवरील धारूरसारख्या तालुक्यांत राहतो. येथील कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर परततात. वर्षातील पाच-सहा महिने रुग्ण गावात नसणे, ही बाब कोणत्याही पाठ्यपुस्तकातील उपचार-नियोजनाच्या प्रकरणात गृहीत धरलेली नसते.

विनियमांतील अपेक्षा

भारतातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्ता येथे सुरू केले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या शिक्षणाला वैधानिक चौकट दिली व भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. परिषदेच्या २००७ च्या सुधारित बी.डी.एस. अभ्यासक्रम विनियमांत पदवीधराकडून अपेक्षित गोष्टी ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती अशा तीन भागांत मांडलेल्या आहेत. पुढे २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या या कायद्यात व्यवसायाचा परवाना मिळण्यासाठी राष्ट्रीय निर्गम परीक्षेचीही तरतूद आहे.

२००७ च्या विनियमांतील यादी वाचली तर ती उणी आहे असे म्हणता येत नाही. दात काढणे, दात भरणे, कवळी बसवणे, हिरड्यांचे उपचार ही हातची कामे तर तीत आहेतच. त्याबरोबर रुग्णाच्या अपेक्षा आणि चिंता जाणून घेणे, त्याच्याशी मोकळेपणाने बोलता येणे, नोंदी ठेवणे, संसर्ग-नियंत्रण पाळणे, इतर आजार असलेल्या रुग्णाची काळजी घेणे, समाजाच्या मुखआरोग्यासाठी झटणे आणि आपल्या क्षमतेच्या मर्यादेत राहून व्यवसाय करणे याही अपेक्षा आहेत. शेवटची अपेक्षा वाचायला साधी वाटते. प्रत्यक्षात सर्वांत कठीण तीच आहे. आपल्याला काय येत नाही हे ओळखणे आणि रुग्णासमोर ते मान्य करणे, यासाठी कोणत्याही परीक्षेत गुण ठेवलेले नाहीत.

मग अडचण यादीत नसून कसोटीत आहे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय क्षमतेच्या चार पायऱ्या मांडल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे. आपल्या लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. प्रात्यक्षिक परीक्षा तिसरीपर्यंत पोहोचते, कारण तेथे रुग्ण निवडलेला असतो, वेळ ठरलेली असते आणि शेजारी शिक्षक उभे असतात. चौथी पायरी महाविद्यालयाबाहेर, कोणी पाहत नसताना चढावी लागते.

एक रुग्ण आणि दोन आठवडे

चौथ्या पायरीवर काय घडते ते एका कल्पित पण नित्याच्या प्रसंगावरून पाहू. भाद्रपद सरत आला आहे. पस्तीस वर्षांची ऊसतोड कामगार स्त्री खालच्या दाढेच्या ठणक्याने रात्रभर झोपलेली नाही. मुकादमाची उचल घेतलेली आहे व टोळी दोन आठवड्यांनी निघणार आहे. ती येताच म्हणते, “दाढ काढून टाका, म्हणजे झंझट मिटेल.”

येथे हाताच्या कौशल्यापेक्षा आधी प्रश्न विचारण्याचे कौशल्य लागते. दुखणे गारठ्याने उठते की आपोआप, गरम पदार्थाने वाढते का, दाढेवर दाब आला की कळ येते का, या उत्तरांवरून दाढेतील मज्जा वाचण्याजोगी आहे की मृत झाली आहे, याचा अंदाज बांधता येतो. मधुमेह, रक्तदाब, गर्भारपण, चालू औषधे यांची चौकशी त्यानंतर येते. आणि या तालुक्यात तरी आणखी एक प्रश्न अनिवार्य ठरावा : गावाबाहेर कधी जाणार? हा प्रश्न रुग्ण-इतिहासाच्या कोणत्याही छापील नमुन्यात आढळत नाही. परंतु त्याच्या उत्तरावर संपूर्ण उपचार अवलंबून असतो.

रूट कॅनालचा उपचार अर्धा करून रुग्ण निघून गेला, तर तात्पुरते भरलेले सिमेंट महिन्या-दोन महिन्यांत झिजते, दाढ पुन्हा दूषित होते आणि फडात असताना गालावर सूज येते. म्हणून येथे तीन मार्ग शिल्लक राहतात. दाढेची स्थिती अनुकूल असल्यास एका किंवा दोन जवळच्या बैठकांत उपचार पूर्ण करून पक्के भरणे. कीड मज्जेपर्यंत पोहोचली नसल्यास खराब भाग काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरणे. आणि दाढ वाचण्यासारखी नसल्यास ती काढणे. काढायचीच असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी मुळीच नाही. दाढ काढल्यावर जखमेतील रक्ताची गुठळी निसटून होणारी तीव्र वेदना, जिला ड्राय सॉकेट म्हणतात, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होते आणि तंबाखूच्या सेवनाने तिचा धोका वाढतो. त्या वेळी रुग्ण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असला, तर दोष दैवाला देता येणार नाही.

दाढ काढणे म्हणजे प्रत्येक वेळी दंतवैद्याचा पराभव असतो असेही नाही. परंतु “रुग्णाने मागितले म्हणून काढली” हे उत्तर पदवीधराला शोभत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण चर्चेत आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली होती. दाढ आणि गर्भाशय यांची तुलना अर्थातच होत नाही. तरीही मजुरी बुडू नये म्हणून अवयव काढून मोकळे होण्याचा सल्ला किती सहज दिला-घेतला जातो, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. ज्या जिल्ह्यात असे घडले तेथे संमती घेणे म्हणजे कागदावर अंगठा घेणे नव्हे, हे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही वेगळे शिकवले पाहिजे.

शेवटी एक लहान गोष्ट. काय केले, कोणते औषध दिले, काय राहिले हे एका कागदावर मराठीत लिहून रुग्णाच्या हाती द्यावे. तोच कागद कोल्हापूर किंवा साताऱ्याकडील दंतवैद्याच्या उपयोगी पडतो. नोंदी ठेवण्याची विनियमांतील अपेक्षा कपाटातील फाइलीने भागते. फिरत्या रुग्णाची गरज मात्र त्याच्या पिशवीतल्या कागदानेच भागते.

दातांपलीकडचे तोंड

वरील प्रसंगात एक गोष्ट अद्याप राहिली आहे. दुखणाऱ्या दाढेकडे पाहताना गालाचा आतला भाग, जिभेच्या कडा, जिभेखालचा तळ आणि टाळू पाहिला गेला का? धारूरच्या पदवीधराचे सर्वांत मोलाचे कौशल्य कोणते, असे विचारल्यास उत्तर हेच द्यावे लागेल. त्यास यंत्र लागत नाही. उजेड, मुखारसा, हातमोजे आणि दोन-तीन मिनिटे पुरतात.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे त्यांत अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखू फुप्फुसापेक्षा तोंडातच अधिक मुक्काम करतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मावा, चुना लावून मळलेली तंबाखू आणि स्त्रियांमधील मिसरी या सवयी तिच्या पलीकडे राहिल्या. मिसरी लावणारी स्त्री “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला प्रामाणिकपणे “नाही” असे उत्तर देते. तिच्या लेखी ते दात घासणे असते. भाषा न कळल्याने निदान चुकते, त्याचे याहून सोपे उदाहरण नाही.

या क्षेत्रातील महाराष्ट्राचे कार्य जागतिक तोडीचे आहे, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक वाटते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एफ. एस. मेहता आणि डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे याच परंपरेत एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना समुपदेशन करून वर्षानुवर्षे त्यांची तपासणी करण्यात आली. एर्नाकुलममध्ये सवय कमी होण्याबरोबर ल्युकोप्लाकियाचे, म्हणजे कर्करोगपूर्व पांढऱ्या चट्ट्याचे, नवे रुग्णही घटल्याचे दिसले. तेव्हा तंबाखू सोडण्याविषयी बोलणे हे सौजन्यापोटी केलेले उपदेशाचे काम नसून परिणाम सिद्ध झालेला उपचार आहे, आणि तो दात भरण्याइतक्याच काटेकोरपणे शिकवावयास हवा.

सुपारीचे प्रकरण याहून वेगळे. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात स्पष्ट केले. सुपारीमुळे होणाऱ्या ओरल सबम्युकस फायब्रोसिस या विकारात गालाची अंतस्त्वचा ताठ होत जाते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का, एवढी साधी चाचणी पुष्कळ सांगून जाते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न जाणारा चट्टा दिसल्यास मलम देऊन वाट पाहू नये. रुग्णाला बायॉप्सीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे, आणि तो तेथे पोहोचला की नाही याची विचारपूस करावी. टोळीबरोबर निघून जाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ‘दोन आठवड्यांनी दाखवा’ हा नेहमीचा सल्ला सहा महिन्यांचा होतो.

डाग आणि कीड

बीड जिल्ह्याचा समावेश भूजलात फ्लोराइड आढळणाऱ्या जिल्ह्यांत होतो. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची इष्ट मर्यादा भारतीय मानकानुसार प्रतिलिटर १ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ पर्यंत सूट आहे. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी लहानपणी पोटात गेल्यास येणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरट पट्टे किंवा तपकिरी डाग पडतात. असे डाग अस्वच्छतेचे समजून मुलांना बोल लावला जातो आणि ते घासून काढण्याचा प्रयत्न होतो. पदवीधराला हे डाग किडीपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत, आणि एकाच वाडीतील अनेक मुलांत ते दिसल्यास प्रश्न दातांचा नसून विहिरीचा किंवा बोअरचा आहे, हे ग्रामपंचायतीस सांगता आले पाहिजे. सामाजिक दंतवैद्यकाचा पेपर यासाठीच असतो. विद्यार्थी तो बहुधा शेवटच्या आठवड्यात वाचतात, हा भाग वेगळा.

गणती आणि गुणवत्ता

दंत महाविद्यालयात विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने दात काढणे, भरणे व कवळ्या करणे आवश्यक असते. संख्येशिवाय हात बसत नाही, हे मान्य. परंतु संख्या हीच पात्रता ठरली की विद्यार्थी रुग्णाकडे ‘माझा उरलेला कोटा’ म्हणून पाहू लागतो. जी दाढ न काढण्याचा निर्णय त्याने विचारपूर्वक घेतला, ती कोणत्याही वहीत चढत नाही. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या संरचित चिकित्सालयीन परीक्षेत विद्यार्थ्याला अनेक थांब्यांवर वेगवेगळी कामे दिली जातात. मिसरी लावणाऱ्या स्त्रीकडून सवयीचा इतिहास घेणे, घाबरलेल्या मुलाला खुर्चीत बसवणे, संशयास्पद चट्ट्याविषयी रुग्णास न घाबरवता पण न लपवता सांगणे, असे थांबे ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

आंतरवासितेच्या वर्षात सामाजिक दंतवैद्यक व ग्रामीण सेवेसाठी तीन महिने राखून ठेवलेले असतात. हे तीन महिने कोणते, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात एखादा गट धारूर तालुक्यातील वाड्यांवर गेला, तर त्याला घरोघरी म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुले भेटतील. तंबाखू-मिसरीचा सर्वाधिक भार वाहणारा कष्टकरी वयोगट भेटणार नाही. तोच गट ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत गेला तर भेटेल, किंवा मग त्या हिवाळ्यात कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांवर गेला तर. तेथे विजेची खुर्ची नसेल. हाताच्या अवजारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर भरण्याची जी पद्धत जो फ्रेंकेन यांनी १९८० च्या दशकात टांझानियात विकसित केली, ती वीज नसलेल्या ठिकाणांसाठीच होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. हे सारे साहित्य एका पेटीत मावते आणि दुचाकीच्या मागे बांधून फडापर्यंत नेता येते.