तलवार बदलली की पवित्रा बदलतो

‘पवित्रा’ हा शब्द हल्ली आपण वर्तमानपत्रातच जास्त वाचतो. कुणीतरी पुढारी रोज आक्रमक पवित्रा घेत असतो. पण हा शब्द आखाड्यातला. पाय कुठे, खांदा कुठे, हत्याराचं टोक कुणाकडे, हे सगळं मिळून पवित्रा होतो. आज आपण त्याला त्याच्या घरी परत नेणार आहोत आणि विचारणार आहोत की कल्पनारम्य कादंबऱ्यांत, मालिकांत लेखक पात्राच्या हाती जी तलवार देतो, ती त्या पात्राला उभं कसं राहायला लावते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. दोन्ही हातांनी धरायची युरोपातली लांब तलवार दहा किलोंची वगैरे नसते. ती साधारण दीड किलोच्या आसपास भरते, आणि सडपातळ दिसणारी रॅपियरसुद्धा किलोभराची असतेच. म्हणजे फरक वजनात फारसा नाही. तो तोल कुठे आहे यात आहे, आणि तलवार कापायला केली आहे की खुपसायला, यात आहे.

रॅपियरचा तोल मुठीजवळ असतो आणि पातं मीटरभर लांब. तिचं काम टोक करतं, आणि टोकाला सरळ रेषा लागते. म्हणून रॅपियरवाला अंग तिरकं करतो, तलवारीचा हात आणि त्याच बाजूचा पाय पुढे ठेवतो आणि संधी दिसली की त्या पायानं झेप घेतो. समोरच्याला दिसते ती शरीराची अरुंद बाजू. ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या १९८७ च्या चित्रपटात कड्यावरचं द्वंद्व चालू असताना दोघे गप्पा मारत अग्रिप्पा, कापो फेर्रो अशी नावं घेतात. ती माणसं खरी आहेत. अग्रिप्पाचं तलवारबाजीवरचं पुस्तक १५५३ चं, कापो फेर्रोचं १६१० चं.

लांब तलवारीचा हिशेब वेगळा. तिथे वार कमरेतून येतो. जर्मन परंपरेत तलवार उजव्या खांद्याशी उभी धरून डावा पाय पुढे ठेवतात, आणि वाराबरोबर उजवा पाय पुढे पडतो. तिथल्या पवित्र्यांची नावं तर शेतकऱ्याच्या घरची वाटतात: बैल, नांगर. बैलाच्या पवित्र्यात मूठ डोक्याशी आणि टोक समोर, शिंगासारखं. नांगराच्या पवित्र्यात मूठ कमरेशी. नाव ऐकलं की शरीर आपोआप तसं उभं राहतं. उगाच क्लिष्ट परिभाषा नाही, हे आम्हाला फार आवडतं.

आता आर्याकडे येऊ. जॉर्ज मार्टिन यांच्या १९९६ च्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये या लहानग्या मुलीला ‘नीडल’ मिळते. नावच सुई. तिचा गुरू सिरिओ फोरेल तिला तिरकं उभं राहायला सांगतो, एकाच हातात तलवार धरायला लावतो, मांजरांच्या मागे पळवतो. हे शिक्षण गमतीदार वाटतं, पण नीट बघा, त्यातली प्रत्येक गोष्ट त्या पात्यातून आलेली आहे. आर्याकडे वजन नाही, ताकद नाही. कापायला दोन्ही लागतात, टोचायला अचूकपणा पुरतो. तिची तलवारच तिला सांगते की तू कुणाशी ताकदीनं भिडू नकोस, जवळ जा, टोच आणि निघ.

पण हा पवित्रा गृहीत काय धरतो? समोरच्याच्या अंगावर चिलखत नाही. सिरिओ लाकडी तलवार घेऊन चिलखतवाल्या सरदारासमोर उभा राहतो, तेव्हा त्याचं सगळं कौशल्य एका लोखंडी पत्र्यापुढे थांबतं. मालिकेच्या चौथ्या पर्वात तर हे उघडच दाखवलं आहे. आर्या सरावाच्या तोऱ्यात हाउंडच्या पोटावर नीडल रोखते, जोर लावते, आणि टोक आत जातच नाही. त्यानंतर तिच्या कानाखाली बसते ती वेगळी. त्या प्रसंगात एका मुलीला कळतं की तिच्या लाडक्या गुरूची विद्या खोटी नव्हती, तरीही ती त्याला वाचवू शकली नाही.

चिलखतवाल्याशी खरोखर लढणारे लोक काय करत? एक हात चक्क पात्यावर ठेवून तलवार आखूड भाल्यासारखी धरत आणि टोक काखेत किंवा शिरस्त्राणाच्या फटीत घुसवत. कधी तलवार उलटी धरून मुठीकडच्या बाजूनं ठोकत. कल्पनारम्य साहित्यात हे फार क्वचित दिसतं. तिथे चिलखत वहीच्या कागदासारखं फाटतं, आणि मग ते घातलं कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पोलिश लेखक सापकोव्स्की यांचा विचर गेराल्ट लढताना गिरक्या घेतो. लांब तलवार हाती असताना एकाच शत्रूसमोर पाठ फिरवली, तर त्याला फुकटात वार मिळतो. गेराल्टची चपळाई माणसापलीकडची आहे, म्हणून आपण ते चालवून घेतो. (खेळांमध्ये तो पाठीवरून तलवार उपसतो, तेही सोपं नाही. पातं हातापेक्षा लांब असेल तर टोक म्यानाबाहेर येतच नाही.)

मग गिरकी नेहमीच खोटी का? यासाठी पोलंड सोडून कोल्हापूरला यावं लागेल. तिथल्या मर्दानी खेळात आजही दांडपट्टा फिरवतात. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी आवरण. मनगट त्यात बंद, त्यामुळे मनगटाच्या बारीक हालचाली संपल्या. पातं लांब आणि लवचीक. साहजिकच वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, आणि थांबण्याऐवजी फिरत राहणं सोयीचं पडतं. भोवती चारपाच जण असतील तर त्या फिरत्या पात्याच्या आत शिरणं कठीण. म्हणजे इथे गिरकी ही हत्याराची गरज आहे, शोभा नाही. एखाद्या मराठी कल्पनारम्य लेखकानं हे हत्यार पात्राच्या हाती द्यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. फक्त मग त्याला रॅपियरवाल्यासारखं तिरकं उभं करू नये.

शेवटी रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’बद्दल. तिथे रँडची तलवार एकधारी, किंचित वाकडी. तिच्या पवित्र्यांना पक्ष्यांची, पाण्यापावसाची नावं आहेत. लव्हाळ्यात शिरणाऱ्या बगळ्याचा एक पवित्रा त्याचा गुरू लॅन त्याला शिकवतो, तो केवळ तोल सांभाळण्याच्या सरावासाठी. कारण लढाईत तो घेतला तर स्वतःचं अंग उघडं पडतं. ‘द ग्रेट हंट’च्या अखेरीस शत्रू भारी पडतो, तेव्हा रँड जाणूनबुजून तोच पवित्रा घेतो. वार करतो आणि वार झेलतो. शत्रू कोसळतो. रँडच्या कुशीतली ती जखम मात्र पुढच्या पुस्तकांतही नीट भरून येत नाही.