कोरे तिकीट : एसटीच्या हातयंत्रातील छपाईचे दोष

उदगीर आगारातून लातूर, देगलूर किंवा सीमेपलीकडच्या बिदरकडे जाणाऱ्या एसटीच्या वाहकाजवळ पूर्वी तिकिटांचे गठ्ठे लावलेली पेटी आणि तिकिटाला भोक पाडणारा चिमटा असे. आता त्यांची जागा हाताच्या पंजात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्राने घेतली आहे. यंत्रातील छपाईचा भाग बंद पडला की जुन्या छापील तिकिटांचाच आधार घ्यावा लागतो, आणि हा प्रसंग कोणत्याही वाहकाला नकोसा वाटतो, कारण यंत्राच्या स्मृतीत विक्रीची नोंद झालेली असली तरी प्रवाशाच्या हाती कागद पडलेला नसेल, तर मार्ग तपासणी पथकापुढे आणि सायंकाळच्या हिशेबात उत्तर त्यालाच द्यावे लागते. मार्च २०२३ पासून महिलांना मिळणाऱ्या अर्ध्या भाड्याच्या सवलतीने आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांच्या मोफत प्रवासाने छपाईचे महत्त्व कमी केलेले नाही. शून्य रुपयांचे तिकीटही छापूनच द्यावे लागते.

या यंत्रात शाई नसते. कागदाच्या एका बाजूवर रंगहीन रंजक आणि सौम्य आम्लधर्मी द्रव्य यांचा पातळ लेप असतो. उष्णता लागताच दोन्ही वितळून एकत्र येतात व काळा रंग उमटतो. ही उष्णता देणारी पट्टी म्हणजे छपाईचा ‘हेड’. तिच्यावर साधारणपणे दर मिलिमीटरला आठ या हिशेबाने सूक्ष्म तापबिंदू ओळीने बसवलेले असतात आणि रबरी रूळ कागद त्यांच्यावर दाबून पुढे सरकवतो. ही रचना ध्यानात घेतली की कोरे तिकीट बाहेर आल्यावर पहिला संशय हेडवर नव्हे, कागदावर घ्यावा, हे उघड होते. धावत्या गाडीत घाईने बदललेला रोल उलटा बसणे ही सर्वांत सामान्य चूक असून ती ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही: कागदावर नख जोराने ओढावे, ज्या बाजूला घर्षणाच्या उष्णतेने काळसर रेघ उठेल ती लेपाची बाजू, आणि तीच हेडकडे असली पाहिजे.

कागद सुलट असूनही दोष राहिला, तर तिकिटावरचे व्रण वाचावे लागतात. अक्षरे एका कडेला फिकी असतील तर झाकण पूर्ण बसलेले नाही आणि रुळाचा दाब असमान पडतो आहे, असे समजावे. अक्षरे उभ्या दिशेने चेपलेली दिसली तर रूळ घसरतो आहे किंवा त्याच्या दंतचक्राचा दात झिजला आहे. तिकिटाच्या लांबीभर, नेमक्या एकाच जागी उभी पांढरी रेघ येत असेल तर तेथे धूळ चिकटली आहे किंवा तापबिंदू जळाला आहे. उन्हाळ्यात उघड्या खिडक्यांतून आत येणारी धूळ आणि कागदाचा भुसा पाहता पहिली शक्यता आधी तपासणे शहाणपणाचे. यंत्र बंद करून, हेड थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ कापडाने तो पुसावा, सुकू द्यावा. ब्लेड किंवा पेचकसाचे टोक मात्र लावू नये, त्याने बरा हेडही जातो. पुसूनही रेघ तशीच राहिली तर हेड बदलण्यावाचून उपाय नाही. रोल असतानाही ‘कागद नाही’ अशी सूचना येत असेल, तर कागदावरून परतणारा प्रकाश टिपणारा छोटा संवेदक धुळीने झाकला गेला आहे का, हे पाहावे.

सर्वांत फसवा दोष बॅटरीचा होय. पडद्याला थोडी वीज पुरते, परंतु एकाच ओळीत अनेक बिंदू तापवताना विजेची मागणी क्षणभर कितीतरी पटींनी वाढते. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असल्यामुळे त्या क्षणी दाब कोसळतो आणि यंत्र अर्ध्या तिकिटातच बंद होऊन पुन्हा सुरू होते. तिकीट दर वेळी जाड काळ्या ओळीपाशी किंवा क्यूआर चौकोनापाशीच तुटत असेल, तर निदान जवळजवळ पक्के समजावे. असे यंत्र आगारात चार्जरला जोडून तपासले की चाचणीचा कागद स्वच्छ निघतो, ‘दोष नाही’ असा शेरा बसतो आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मार्गावर जाते. म्हणून ही चाचणी चार्जर काढून, बॅटरी निम्मी उतरलेली असताना आणि लागोपाठ अनेक तिकिटे छापूनच करावयास हवी.