शेजारच्या टॉवरचा अडथळा कसा मोजतात?

एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे टॉवर एकमेकांच्या सिग्नलमध्ये अडथळा आणतात. सोलापूर–विजयपूर महामार्गावरील मंद्रूपसारख्या सपाट मुलखात लहरी दूरवर जातात, म्हणून लांबचे टॉवरही हिशेबात धरावे लागतात.

सूत्र : हव्या सिग्नलची शक्ती भागिले (इतर टॉवरांचा अडथळा + गोंगाट). भागाकार जितका मोठा, तितका इंटरनेटचा वेग जास्त.

अंतर : टॉवरपासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या अवकाशात सिग्नलची शक्ती १/४ उरते, जमिनीवरून परावर्तन होत असेल तर दूरवर सुमारे १/१६.

मांडणी : प्रत्येक टॉवरचे क्षेत्र षटकोनी मानणाऱ्या प्रारूपात फ्रिक्वेन्सीचे ७ गट केल्यास तीच फ्रिक्वेन्सी क्षेत्राच्या त्रिज्येच्या सुमारे ४.६ पट अंतरावर पुन्हा येते. फोरजीत शेजारचे टॉवर सहसा एकच फ्रिक्वेन्सी वापरतात. तेथे अँटेना किंचित खाली झुकवून अडथळा कमी करतात.