सही करणारा कोळी

पावसाळा ओसरू लागला की शेताच्या बांधावर व कुंपणाच्या झुडपांत चाकाच्या आकाराची मोठी, उभी जाळी दिसू लागतात. मध्यभागी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मादी डोके खाली करून बसलेली असते. आठ पाय दोन-दोन जुळवून ती फुलीसारखे पसरते आणि त्या फुलीच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण असते. कोणी घाईने सही करावी तशी ही वीण दिसते. म्हणूनच इंग्रजीत यास ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत ही ‘आर्जिओपी’ प्रजाती होय. ‘आर्जिओपी अनसूया’ ही तिची भारतातील एक जाती.

तथापि केवळ सहीवर विसंबणे योग्य नव्हे. पुष्कळदा फुलीची एक-दोनच अंगे विणलेली असतात, कधी वीण मुळीच नसते. पिल्ले तर तबकडीसारखी गोल वीण घालतात. शिवाय ‘सायक्लोसा’ या वेगळ्या प्रजातीचे कोळीही जाळ्यात कचऱ्याची रेघ रचून तीत दडतात. ही वीण कशासाठी, भक्ष्यास भुलविण्यासाठी की पक्ष्यांना दूर ठेवण्यासाठी, याबद्दलही शास्त्रज्ञांत एकमत नाही.

भरवशाची खूण डोळ्यांत आहे. आठ डोळे दोन ओळींत असतात. भिंगातून वरून पाहिल्यास मागील ओळीतील कडेचे दोन डोळे मधल्या जोडीच्या बरेच पुढे आलेले दिसतात. त्याच्या जोडीला चपटे, रुपेरी लव असलेले शिरोवक्ष पाहावे. नर मादीहून इतका लहान असतो की तो तिचे पिल्लूच वाटावा.

सह्याद्रीच्या रानातील ‘नेफिला’ या थोराड कोळ्याशीही याची गल्लत होते. नेफिलाचे रेशीम सोनेरी असते व जाळ्याचा मध्य वरच्या कडेकडे सरकलेला असतो.

भडक रंगामुळे विषारी समजून या कोळ्यास मारण्याचे कारण नाही. माणसास त्यापासून धोका नाही. पिकावरील नाकतोडे, पतंग तो खातो. मधमाशी सापडली तर तीही सुटत नाही. सरसकट कीटकनाशक फवारल्यास किडीबरोबर हा शिकारीही नाहीसा होतो.

शिकारीची रीतही ओळखीस उपयोगी पडते. नेफिला आधी चावते, मग गुंडाळते. आर्जिओपी बहुधा भक्ष्यास प्रथम रेशमात गुंडाळते, मग चावा घेते. पतंगाच्या बाबतीत मात्र ती आधी चावते, कारण पंखांवरील खवले गळून पतंग चिकट धाग्यातून निसटू शकतो.