रुकडीच्या पुलावरून

गडमुडशिंगी हे आमचे गाव. मुंबईच्या मंडळींना हे नाव एका दमात उच्चारता येत नाही, पुन्हा विचारतात, आणि मग "म्हणजे कोल्हापूरच ना?" असे म्हणून मोकळे होतात. गावाच्या एका अंगाला आज विमानतळ आहे. १९३९ साली राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत तो सुरू झाला. पण आमच्या घरात विमानाचे कौतुक कधी झाले नाही. कौतुक झाले ते वळीवडे स्टेशनावरून जाणाऱ्या आगगाडीचे.

ही कोल्हापूर-मिरज गाडी मूळची संस्थानाची. १८८८ साली तिच्या कामाचा आरंभ शाहू महाराजांच्या हस्ते झाला, तेव्हा महाराज अवघे चौदा वर्षांचे होते. गादीचा अधिकार हाती यायला अजून सहा वर्षे अवकाश होता. १८९१ साली गाडी धावू लागली. एकोणतीस मैलांचा मीटरगेज रस्ता, मालकी कोल्हापूर दरबारची आणि गाडी चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे. तोवर आमच्याकडचा गूळ बैलगाड्यांतून घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जाई. रूळ आले आणि गुळाने तोंड फिरवले. १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसली, पुढे याच रस्त्यावर महाराजांनी वडिलांच्या नावे जयसिंगपूर वसवले. बंदराची आठवण मात्र सुटली नाही. वैभववाडीमार्गे कोकणात उतरणाऱ्या रेल्वेची वाट कोल्हापूरकर अजून पाहतातच आहेत!

वळीवड्याने या गाडीतून उतरलेली माणसे तरी किती तऱ्हेची पाहिली! १९४३ पासून तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. रशियाने सैबेरियाकडे हाकलून दिलेल्या, इराणमार्गे इकडे पोचलेल्या सुमारे पाच हजार जीवांची. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. १९४८ पर्यंत ती गेली आणि त्या जागी फाळणीने घर हिरावलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे कापडाच्या दुकानांनी गजबजलेले गांधीनगर ते हेच. आमची आजी त्या गोऱ्या बायकांबद्दल एवढेच सांगे, "बिचाऱ्या आपल्यासारख्याच चुलीपुढं रडायच्या."

पण मला सांगायची आहे ती आत्याची गोष्ट. १९५० नंतरचा एक श्रावण. आत्या सात वर्षांची, पोटाच्या दुखण्याने तळमळत होती. गावातले काढे हरले. मिरजेच्या वॉनलेस डॉक्टरांच्या दवाखान्याचे नाव तेव्हा सगळ्या मुलखात होते, पण पंचगंगेला पूर आलेला, शिरोलीकडचा रस्ता पाण्याखाली. आजोबांनी पोरीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतले आणि चिखल तुडवीत वळीवडे स्टेशन गाठले.

वळीवडे सोडले की रुकडीच्या अलीकडे पंचगंगेवरचा पूल लागतो. गाडी गोगलगाईसारखी चालली होती. खाली तांबडे पाणी, त्यात अख्खी झाडे वाहत होती. आजोबा म्हणाले, "आक्के, डोळं मीट गं." आत्याने डोळे मिटले नाहीत. "दादांचाच हात थरथरत होता रे," ती सांगते, "मी डोळं मिटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, पोर गेली."

मिरजेत त्याच रात्री ऑपरेशन झाले. आत्या आज ऐंशीच्या घरात आहे, आणि तिखटाची आमटी अजून ओरपते.

मीटरगेज १९७१ साली गेले, ब्रॉडगेज आले. २०२४ पासून कोल्हापूरहून पुण्याला वंदे भारत धावते. पण २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने असा काही अवतार धारण केला की रस्ता तर बुडालाच, रेल्वेही थांबली. आम्ही पुण्यात टेलिव्हिजनसमोर हवालदिल होऊन बसलो होतो. आत्याने गावाहून फोनवर पहिला प्रश्न विचारला तो घराचा नव्हे.

"रुकडीचा पूल हाय न्हवं जाग्यावर?"

आहे म्हटले, तेव्हा कुठे तिने गोठ्यात पाणी किती आले ते सांगायला सुरुवात केली.